बोटीचा पंखा (प्रोपेलर) कसा निवडायचा: आधी मोजमाप, मग खरेदी

"चाळीस एचपीच्या इंजिनाला कुठला पंखा बसवू?" हा प्रश्न देवबागपासून अलिबागपर्यंत कुठल्याही बोटवाल्याला विचारा, तो स्वतःच्या बोटीवरचा आकडा सांगून मोकळा होतो. विचारणारा तसाच पंखा आणतो. मग हंगाम सुरू झाला की तक्रारीही सुरू होतात. माणसं भरली की बोट वेग घेऊन पाण्यावर उठत नाही, पेट्रोल भसाभस जातं, नाहीतर रिकाम्या बोटीत इंजिन किंचाळतं. शेवटी खापर इंजिनावर फुटतं.

एकाच इंजिनाला हलक्या १६ फुटी बोटीवर एक पंखा लागतो आणि आठ माणसं घेऊन फिरणाऱ्या २० फुटी बोटीवर दुसरा. कुठला, ते एका आकड्यावरून ठरतं: नेहमीचं वजन भरून थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, पोहोचतं. हा आकडा हातात नसेल तर पंखा घ्यायला जाऊच नका. तो नीट कसा मिळवायचा आणि त्यावरून पंखा कसा ठरवायचा, ते क्रमाने सांगतो. यातलं सगळं साधारण १५ ते २४ फुटी फायबर बोट आणि मागे एक आउटबोर्ड इंजिन धरून लिहिलं आहे. मासेमारीच्या मोठ्या इनबोर्ड ट्रॉलरचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

टप्पा १: चार आकडे वहीत लिहा

पहिला आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतला. पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमच्या दरम्यान चालायला हवं, ते कंपनी देते. ४० ते ६० एचपीच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना ही मर्यादा ५००० ते ६००० असते. जुन्या टू-स्ट्रोकना बहुधा ४५०० ते ५५००. अंदाजाने धरू नका, तुमच्याच मॉडेलचं पान उघडा.

दुसरा आकडा गिअरचं प्रमाण. इंजिन किती फेरे फिरलं की पंखा एक फेरा फिरतो, ते यातून कळतं. शेजाऱ्याचा आकडा उचलण्यातली खरी मेख इथे आहे. दोन कंपन्यांची दोन ४० एचपी इंजिनं घ्या. एकाचं प्रमाण २.००, दुसऱ्याचं २.२७. दोन्ही इंजिनं ५५०० वर फिरतात, पण पहिल्याचा पंखा मिनिटाला २७५० फेरे घेतो आणि दुसऱ्याचा २४२३. मग दोघांना सारखा पिच कसा चालेल?

तिसरा आणि चौथा आकडा सध्याच्या पंख्यावर कोरलेले असतात. ११ ३/८ × १२ असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, जराही न घसरता, जितका पुढे गेला असता तेवढं अंतर. पाण्यात तो घसरतोच, त्याचा हिशोब टप्पा ६ मध्ये येईल.

आकडा बहुतेक वेळा दोन पात्यांच्या मधे, हबच्या, म्हणजे पाती ज्याला जोडलेली असतात त्या मधल्या गोल भागाच्या, अंगावर असतो. रंगाखाली दडला असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच घासा. काही कंपन्या फक्त पार्ट नंबर कोरतात; त्यावरून विक्रेता पिच सांगू शकतो. यामाहाच्या पंख्यांवर आकड्यांच्या शेवटी जी, के अशी अक्षरं असतात. तो गिअरकेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाला गिअर असतात त्या पेटीचा, प्रकार आहे. अक्षर चुकलं तर पिच कितीही बरोबर असला तरी पंखा शाफ्टवर बसणार नाही.

टप्पा २: आधी बोट आणि इंजिन ठीक करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बुडाला शेवाळ धरलेलं असतं, कवचं चिकटलेली असतात, एक स्पार्क प्लग नीट जळत नसतो. आरपीएम कमी मिळतात म्हणून माणूस कमी पिचचा पंखा आणतो. पुढच्या महिन्यात बोट घासली, प्लग बदलले, की तोच पंखा इंजिनाला मर्यादेबाहेर पळवतो.

म्हणून चाचणीच्या आधी बूड घासून घ्या. बोट पाण्यातच उभी असते त्यांनी तर हे टाळूच नये. तळाशी साचलेलं पाणी उपसून टाका. दुहेरी तळाच्या बोटीत आत पाणी शिरलंय का, ते ड्रेन प्लग काढून बघा. कधीकधी दोन माणसांचं वजन तिथे गुपचूप प्रवास करत असतं. प्लग, इंधन फिल्टर आणि टाकीचा हवेचा स्क्रू बघा. थ्रॉटल लीव्हर पुढे ढकलल्यावर इंजिनावरचा हात खरोखर शेवटपर्यंत जातो का, ते कव्हर काढून डोळ्यांनी पाहा. केबल सैल पडली असेल तर पूर्ण थ्रॉटल कधी मिळतच नाही, आणि दोष जातो पंख्याला.

आता इंजिनाची उंची. इंजिन सरळ खाली सोडा. एक लांब सरळ पट्टी बोटीच्या बुडाला लावून मागे न्या. पंख्याच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते ती या पट्टीच्या रेषेत, किंवा जास्तीत जास्त इंचभर वर असावी. प्लेट खाली राहिली तर इंजिन पाण्यात जास्त बुडतं, ओढ वाढते आणि मागून फवारे उडतात. फार वर गेली तर वळताना पंखा हवा ओढतो. आपल्याकडे स्थानिक कारखान्यात बनलेल्या बोटींत ट्रान्समची उंची, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीची उंची, दोन बोटींत सारखी असेलच असं नाही. आधीच्या मालकाने २० इंची शाफ्टचं इंजिन १५ इंची फळीवर टांगलेलं असणंही नवं नाही. पंखा बदलून ते दुरुस्त होत नाही.

तपासा: बूड स्वच्छ, आत पाणी नाही, थ्रॉटल पूर्ण उघडतो, प्लेटची उंची बरोबर. चारही जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: सध्याचा पंखा खरं बोलतो का?

वाकलेल्या पंख्यावर घेतलेलं माप खोटं निघतं, म्हणून पंखा काढून टेबलावर ठेवा. काढायची पद्धत टप्पा ८ मध्ये आहे.

पंखा सपाट टेबलावर हबवर उभा करा. एका पात्याच्या टोकाजवळ पेन्सिल पुस्तकांच्या चवडीत अडकवून अशी धरा की टोक पात्याला जेमतेम शिवेल. आता पंखा हळूच फिरवा, पेन्सिल हलू देऊ नका. तिन्ही पात्यांची टोकं पेन्सिलीला सारखीच शिवली पाहिजेत. एखादं पातं दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली जात असेल तर ते वाकलंय. कड खाल्लेली, चिरलेली किंवा कुरतडल्यासारखी दिसली तर त्या पंख्यावर मोजमाप करण्यात अर्थ नाही. दुरुस्त करून घ्या, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून तसलाच धड पंखा एका दिवसापुरता मागून आणा.

मग हब. पंख्याच्या आत धातूची नळी असते आणि तिच्याभोवती घट्ट दाबून बसवलेलं रबर. पंखा दगडावर आपटला तर हे रबर सटकतं आणि गिअर वाचतात. पण एकदा सटकलेलं रबर पुढे जोर लावला की घसरत राहतं. तपासायला सोपं आहे: आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत रंगाने एक सरळ रेघ मारा, पंखा बसवा, बोट जोरात चालवून आणा, मग बघा. रेघ तुटली, दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, तर हब गेला. त्याची ओळख चालवतानाही पटते: थ्रॉटल दिला की इंजिनाचा आवाज चढतो, बोट मात्र पुढे जात नाही. यावर जास्त पिचचा पंखा हा उपाय नव्हे.

टप्पा ४: आरपीएम कशावर वाचणार?

रिमोट आणि स्टिअरिंग असलेल्या बोटीत मीटर असतो. हँडलने चालवायच्या इंजिनाला बहुधा नसतो. त्यांच्यासाठी प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळून चालणारे छोटे डिजिटल मीटर मिळतात. ते बसवा. कानावर विसंबून चालत नाही, भले बोट चालवण्यात तुमची उभी हयात गेली असो.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. डॅशबोर्डच्या मीटरला मागच्या बाजूला इंजिनाच्या चार्जिंग कॉइलनुसार फिरवायचा एक सिलेक्टर असतो. प्लगच्या वायरीवरच्या मीटरला एका फेऱ्यात किती ठिणग्या पडतात ते सांगावं लागतं. सेटिंग चुकलं तर आकडा थेट दुप्पट किंवा निम्मा दिसू शकतो. दुप्पट-निम्मा लगेच लक्षात येतो. सिलेक्टर एकाच घराने चुकला तर मात्र येत नाही, आणि त्या आकड्यावर माणूस पंखा विकत घेऊन बसतो.

तपासा: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये मीटर काय दाखवतो? पुस्तिकेतल्या आयडल आरपीएमशी तो जुळला पाहिजे.

टप्पा ५: पाण्यावरची चाचणी

दिवस आणि वेळ निवडताना घाई नको. उधाणाच्या दिवशी खाडीत ओढ इतकी असते की वेगाचा आकडा कशाचा आहे तेच कळत नाही. भांगाच्या दिवसांत, पूर्ण भरतीच्या आसपास पाणी थांबलेलं असताना, खारा वारा सुटायच्या आत सकाळी लवकर निघा. जागा रुंद आणि खोल हवी. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, तिथे नको. उथळ पाण्यात बोट वेगळीच वागते, शिवाय पंखा वाळूत जातो तो वेगळाच. जाळ्यांचे बोये कुठे आहेत, हे आधी तिथल्या एखाद्या होडीवाल्याला विचारून घ्या.

सावधान: चालवणाऱ्याच्या अंगाला किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी), सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि एक माणूस फक्त समोर बघायला. जो आकडे वाचतो त्याने बोट चालवायची नाही.

वजन खरं भरा. इथे सगळे हात आखडतात. दोन मित्र आणि अर्धी टाकी घेऊन चाचणी करतात आणि सुट्टीच्या दिवशी आठ जण बसवतात. तुमच्या बोटीत नेहमी सहा माणसं, भरलेली टाकी, नांगर आणि खाण्यापिण्याचा डबा असेल तर तेवढंच वजन हवं. माणसं मिळाली नाहीत तर पाण्याचे कॅन भरून घ्या: ३५ लिटरचे दोन कॅन म्हणजे एक माणूस. बसण्याच्या जागांप्रमाणे ते वाटून ठेवा. सगळे मागे रचले तर नाळ वर उचलली जाईल आणि बोट उठायला खोटाच वेळ लागेल.

आता तीन गोष्टी मोजायच्या.

अ. थांबलेल्या बोटीपासून थ्रॉटल पूर्ण देऊन बोट पाण्यावर उठायला किती सेकंद लागतात.

आ. बोट स्थिर धावू लागल्यावर पूर्ण थ्रॉटलला सर्वात जास्त आरपीएम. इंजिनाला पॉवर ट्रिम, म्हणजे बटणाने इंजिनाचा कोन बदलायची सोय, असेल तर ते थोडं थोडं बाहेर काढत जा. आरपीएम आणि वेग दोन्ही वाढतात. पंखा हवा ओढायला लागला की थोडं परत आत घ्या. तिथला आकडा लिहा. ट्रिम पिनवर चालणारं इंजिन असेल तर पिनच्या प्रत्येक भोकावर वेगळी फेरी मारावी लागेल. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

इ. जीपीएसवरचा वेग, नॉटमध्ये. मोबाइल चालतो. जाताना एकदा आणि त्याच वाटेने परत येताना एकदा मोजा, सरासरी घ्या.

मग भार उतरवून फक्त चालवणारा आणि आकडे लिहिणारा असे दोघेच ठेवा आणि हेच पुन्हा करा. हा दुसरा आकडा बहुतेकांच्या वहीत नसतो, आणि खरेदीत तोच फसवतो.

टप्पा ६: आकडे काय सांगतात

भरलेल्या बोटीत आरपीएम कंपनीच्या मर्यादेच्या मध्याच्या आसपास यावेत, आणि हलक्या बोटीत वरची मर्यादा ओलांडू नये. मर्यादा ५००० ते ६००० असेल तर भरून ५३०० ते ५५०० आणि हलकी असताना ६००० च्या आत.

भरून ४८०० च मिळतात, म्हणजे पिच जास्त आहे. इंजिन आंबेनळी घाट टॉप गिअरमध्ये चढतंय. आवाज मवाळ असतो, त्यामुळे अनेकांना हे बरंच वाटतं: "कमी फेरे, म्हणजे इंजिनाला आराम." आराम कसला! पूर्ण थ्रॉटलला फेरे दाबले गेले की सिलिंडरमधला ताण आणि उष्णता वाढते, कार्बन साचतो, आणि असं दिवसेंदिवस चाललं तर पिस्टन जातो. उलट ६२०० च्या वर जात असेल तर पिच कमी आहे, किंवा हब सटकतोय, किंवा इंजिन फार उंच बसलंय. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ओलांडली की लिमिटर ठिणगी कापतो आणि बोट गचके खाते.

घसरण मोजायचं सूत्र असं: आरपीएमला पिचने गुणा, मग गिअर प्रमाण गुणिले १२१५ ने भागा. आला तो कागदावरचा वेग, नॉटमध्ये. एक उदाहरण घेऊ. ४० एचपी, प्रमाण २.००, पिच १३, भरून ४८०० आरपीएम, जीपीएसवर १९.५ नॉट. ४८०० गुणिले १३ म्हणजे ६२४००. भागिले २४३०. आले २५.७ नॉट. प्रत्यक्षात १९.५. घसरण साधारण २४ टक्के.

पाण्यावर उठून धावणाऱ्या हलक्या बोटीला १० ते २० टक्के घसरण ठीक. जड, रुंद बोटीला २० च्या थोडी वर चालते. ३० च्या पुढे गेली तर आधी इंजिनाची उंची आणि पात्यांच्या कडा पुन्हा बघा. घसरण शून्य किंवा उणे आली तर आनंदू नका. पिच, गिअर प्रमाण किंवा मीटर यातला एक आकडा चुकलाय.

टप्पा ७: नवा पंखा ठरवा

पिच १ इंच कमी केला तर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, जास्त केला तर तेवढेच उतरतात. हा नियम १७ ते २१ पिचच्या पंख्यांना बरा लागू पडतो. आपल्या ४०-६० एचपीच्या इंजिनांवर ९ ते १४ पिच असतो, आणि तिथे फरक थोडा जास्त निघतो. २० मधला एक इंच म्हणजे पाच टक्के, १० मधला एक इंच म्हणजे दहा. म्हणून एकदम तीन-चार इंच उतरू नका.

वरच्या उदाहरणात ४८०० वरून ५४०० च्या आसपास जायचंय. १३ वरून ११. समजा ५३०० मिळाले: ५३०० गुणिले ११ भागिले २४३०, म्हणजे कागदावर २४ नॉट. प्रत्यक्ष वेग तोच १९.५ राहिला तरी घसरण १९ टक्क्यांवर आली, इंजिन मोकळं झालं आणि बोट लवकर उठली. पिच कमी केला म्हणजे वेग गेलाच, असं समजणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं. दबलेलं इंजिन पूर्ण ताकद देतच नाही, त्यामुळे जास्त पिचचा फायदा कागदावरच राहतो.

हलक्या बोटीत हाच ११ चा पंखा ६००० ओलांडणार का? टप्पा ५ मधल्या दुसऱ्या आकड्यात वाढ मिळवून बघा. १३ वर हलकी बोट ५२०० जात होती तर ११ वर ५७०० च्या आसपास. चालेल. पण ती आधीच ५६०० होती, तर ११ वर मर्यादा ओलांडली जाईल आणि १२ वर थांबावं लागेल. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही जमत नसेल तर पंखा नेहमीच्या जड भारासाठी घ्या आणि हलकी बोट चालवताना थ्रॉटल आवरा. हलक्यात थ्रॉटल मागे घेणं हातात असतं. भरलेल्या बोटीत दबलेल्या इंजिनाला सोडवायला हातात काहीच नसतं.

व्यासात हात घालू नका. छोट्या इंजिनांना कंपनीने पिचप्रमाणे व्यास आधीच जुळवलेला असतो. मोठ्या व्यासाचं पातं प्लेटला घासेल, नाहीतर आरपीएम धाडकन उतरतील.

तीन पाती की चार? रोजच्या फिरण्याला तीन पुरतात. बनाना राइड ओढणारी, कमी वेगात पाण्यावर टिकून राहावी लागणारी किंवा वळताना पकड सोडणारी बोट असेल तर चार पात्यांचा विचार करा. थरथरही कमी होते. वरचा वेग थोडा जातो आणि त्याच पिचला आरपीएम उतरतात, म्हणून तीनवरून चारवर जाताना पिच १ इंच कमी धरा. ओढायची बोट असेल तर टप्पा ५ ची चाचणी मागे राइड आणि तिच्यावर माणसं घेऊनच करा. भार बोटीत नसून दोरीवर असतो.

धातूचं उत्तर कोकणात मला सोपं वाटतं. स्टेनलेस पंखा पातळ, ताठ आणि जास्त चावरा, पण ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट महाग. शिवाय तो खडकावर आदळला तर पातं वाकण्याऐवजी धक्का आत गिअरकडे जातो. जिथे ओहोटीला खडक उघडे पडतात, दांड्यावरून ये-जा असते, तिथे ॲल्युमिनियम घ्या आणि उरलेल्या पैशात दुसरा ॲल्युमिनियम घेऊन ठेवा. खोल पाण्यात, मोठ्या इंजिनावर, लांबच्या फेऱ्या असतील तर स्टेनलेस जरूर. मात्र पिच तोच ठेवून धातू बदलला तरी आरपीएम बदलू शकतात: स्टेनलेस पात्यांच्या मागच्या कडेला बहुधा वळवलेली ओठासारखी कड असते, ती पाणी धरते आणि फेरे उतरवते. एका कंपनीचा १३ आणि दुसऱ्या कंपनीचा १३ सारखाच वागेल, असंही धरू नका.

धरणातल्या पाण्यासाठी एक वेगळी गोष्ट. तापोळ्याला शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटरवर असतं. उंचीवर हवा विरळ, आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे तिथे सहा-साडेसहा टक्के गेलेच. किनाऱ्यावर नेमका जुळलेला पंखा तिथे एखाद इंच जड पडतो. किनाऱ्यावरून जुनी बोट घेऊन धरणावर नेणाऱ्यांनी चाचणी धरणातच करावी.

सावधान: ऑर्डर देण्याआधी इंजिनाचा पूर्ण मॉडेल कोड, शाफ्टच्या दातांची संख्या, पिच, पात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा विक्रेत्याला लिहून पाठवा. एका इंजिनाच्या बोटीत पंखा मागून पाहिला तर पुढे जाताना बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. दोन इंजिनांच्या बोटीत एक उलटा असू शकतो. अशा बोटीचा सुटा पंखा स्वस्तात मिळाला तर आधी दिशा बघा. एकदा पाण्यात गेलेला पंखा कोणी परत घेत नाही. म्हणून शक्य असेल तर त्याच मॉडेलचं इंजिन असलेल्या कोणाकडून ठरवलेल्या पिचचा पंखा एका सकाळीपुरता मागून आणा. या धंद्यात माणसं एवढं करतात.

टप्पा ८: काढणं आणि बसवणं

किल कॉर्ड काढून खिशात. गिअर न्यूट्रलमध्ये, चावी बाहेर, आणि प्लगच्या वायरी किंवा बॅटरीची तार सोडलेली. पंखा हाताने फिरवताना इंजिन चालू होऊ शकतं, आणि बोटं परत येत नाहीत.

१. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा. ती पुन्हा वापरायची नाही.

२. पातं आणि वरची प्लेट यांच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा आणि नट सोडवा. हाताने पातं धरून नट सोडवायला गेलात तर कड तळव्यात घुसते.

३. नट, वॉशर, स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. मोबाइलवर फोटो काढा.

४. पंखा ओढून काढल्यावर आतला थ्रस्ट वॉशर बघा. तो कधी पंख्याला चिकटून निघतो आणि जुन्या पंख्याबरोबर अडगळीत जातो. त्याच्याशिवाय नवा पंखा बसवला तर हब गिअरकेसवर घासतो.

५. शाफ्टच्या मुळाशी तंगूस किंवा जाळ्याचा धागा गुंडाळलेला आहे का? आपल्या किनाऱ्यावर हमखास असतो. तो सील कापतो, पाणी आत जातं. गिअर ऑइल दुधट दिसलं तर पंखा बाजूला ठेवा आणि आधी सील बदलून घ्या.

६. शाफ्ट पुसून सगळ्या दातांना पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस लावा. साधं ग्रीस धुऊन जातं आणि पुढच्या वर्षी पंखा हातोडीशिवाय निघत नाही.

७. थ्रस्ट वॉशरची निमुळती बाजू शाफ्टच्या निमुळत्या भागाला चिकटून बसली पाहिजे. मग पंखा, स्पेसर, वॉशर, नट. नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवा, सैल करून नको. नवी स्टेनलेस स्प्लिट पिन घाला, दोन्ही टोकं वाकवा.

तपासा: न्यूट्रलमध्ये पंखा हाताने मोकळा फिरतो, पुढे-मागे खडखडत नाही, आणि कुठलंही पातं प्लेटला लागत नाही.

टप्पा ९: पुन्हा तीच चाचणी

तेच वजन, तीच जागा, भरतीची तशीच वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखा बदलला आणि त्याच दिवशी इंजिनही एक भोक वर उचललं, तर सुधारणा कशाची ते कळणार नाही. पहिल्या फेरीनंतर नट आणि पिन पुन्हा बघा.

भरलेल्या बोटीत आरपीएम अजून दोनशे कमी असतील तर पिच १ इंच आणखी उतरवा. वळताना फेरे अचानक चढत असतील तर पिच सोडून उंचीकडे वळा. सगळं जमलं पण हलक्या बोटीत लिमिटर लागतोय, तर पंखा परत करण्याआधी महिनाभर तुमची बोट खरोखर किती वेळा रिकामी धावते ते बघा.

जुना पंखा धड असेल तर विकू नका. बोटीत एका प्लास्टिकच्या डब्यात तो, जादा थ्रस्ट वॉशर, नट, दोन स्प्लिट पिना, लाकडाचा ठोकळा, नटाच्या मापाचा पाना आणि पक्कड ठेवा. डब्याच्या झाकणावर दोन्ही पंख्यांचे पिच आणि त्यावर मिळालेले आरपीएम मार्करने लिहा, म्हणजे सुटा पंखा लावून परत येताना थ्रॉटल किती द्यायचा ते चालवणाऱ्याला समजेल.